लवकर बोला!

"काय हवंय? पाणी? साखर? पंखा लावू? अहो, लवकर बोला ना! गिऱ्हाईक खोळंबलंय माझं!"

टेबलाशी बसलेल्या नवऱ्याने तोंड उघडलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. "प... प..."

"पाणीच ना? मग तेच तर विचारलं मी!" तिने पेला भरून त्याच्यापुढे आदळला. निम्मं पाणी टेबलावर सांडलं, आणि ती पुढच्या खोलीत मशीनवर जाऊन बसलीसुद्धा. त्याने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे बघायला तिथे कोणी उरलं नव्हतं.

ओळखीचं वाटतं ना हे घर? ज्या घरात आजारी माणूस आहे, थकलेलं माणूस आहे, तिथे थोड्याफार फरकाने रोज हेच चालतं. आणि दाराबाहेरून जाणाऱ्या तुम्हा-आम्हाला फक्त मशीनचा आवाज ऐकू येतो.

ही बाई शिवणकाम करायची. घराची पुढची खोली हेच तिचं दुकान. चेन बदलायची, पॅन्टची उंची कमी करायची, जाड झालेल्या गिऱ्हाइकाचे कपडे उसवून सैल करायचे आणि वर त्याच्या समाधानासाठी "कापडच आटलंय हो" असं म्हणायचं, ही तिची रोजची कामं. अंगाने बारीक, हाताने चपळ, बोलायला टोकदार. गल्लीत सगळे तिला टाचणी म्हणत. तोंडावर म्हणत, कारण तिलाही ते नाव आवडायचं.

नवरा फुलांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचा. त्याला बाजाराने नाव ठेवलं होतं भोंगा. तो बोली पुकारू लागला की पार दुसऱ्या टोकाला ट्रक उतरवणाऱ्या हमालालाही कुठल्या ढिगावर भाव चढतोय ते कळायचं. जिभेला विसावा म्हणून नव्हता. रविवारी चर्चमध्ये उपासनेला मंडळी जमली की गाण्याची पहिली ओळ तोच उचलायचा, आणि पेटीवाला मागाहून त्याचा सूर शोधत बसायचा.

एका सकाळी पुकारता पुकारता त्याची जीभ वळेनाशी झाली. लोक हसले. भोंगा गंमत करतोय असं त्यांना वाटलं. मग त्याचा उजवा हात लोंबला, आणि तो फुलांच्या टोपल्यांवर आडवा झाला.

दवाखान्यातून तो काठी टेकत, पाय ओढत घरी आला. वाचा मात्र आली नाही. "यांना सगळं समजतं," डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. "शब्द आहेत, पण ते सापडत नाहीत." वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे टाचणी त्याला काही दिवस घेऊन गेली. त्या बाई एकच गोष्ट परत परत सांगायच्या, "त्यांना वेळ द्या. त्यांचं वाक्य तुम्ही पुरं करू नका."

"कधी बोलतील ते सांगा."

"तसं सांगता येत नाही हो. वेळ लागेल."

"वेळ द्या, वेळ लागेल! वेळ काय मी माहेरून आणू?" टाचणी घरी येऊन कडाडली, आणि तिकडे जाणं बंद झालं.

देवाशीही तिचं हेच. प्रार्थना ती मनापासून करायची, पण कपडे टाकायला आलेल्या गिऱ्हाइकाला तारीख द्यावी तशी तिने देवालाही तारीख देऊन टाकली होती. वर्ष संपायच्या आत यांना बोलतं कर. वर्ष संपलं. तारीख उलटली. त्या दिवसापासून ती डोळे मिटून हात जोडायची खरी, पण दात आवळलेले असायचे.

त्यात चर्चच्या मंडळीचे चिटणीस भेटायला आले. सोबत आणखी दोघंतिघं. उंबऱ्यातच उभे राहिले, आत येऊन बसले नाहीत. चिटणिसांनी भोंग्याकडे एक नजर टाकली आणि त्याच्या डोक्यावरून टाचणीला विचारलं, "जेवतात का हे नीट? समजतं का यांना काही?"

खुर्चीतल्या माणसाने मान वर केली. डावा हात उचलला. "मी... मी..."

"हो हो, आराम करा तुम्ही," चिटणीस मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले. भोंगा जसा काही बहिराच झाला होता! मग टाचणीकडे वळून, "धीर धरा, बाई. प्रत्येक गोष्टीला देवाची वेळ असते."

टाचणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "कळलं. आणि तुमची वेळ कधी असते? कारण हे पडल्यापासून तुम्ही आज उगवताय. इथे उभ्याउभ्या देवाची वेळ सांगण्यापेक्षा यांना घटकाभर बागेत फिरवून आणलं असतं तर माझे चार कपडे शिवून झाले असते!"

चिटणिसांचा चेहरा उतरला. मंडळी आली तशी निघून गेली. खरं सांगायचं तर टाचणी चुकीचं काहीच बोलली नव्हती. दुसऱ्याच्या दुःखावर शास्त्रातलं वचन चिकटवायचं आणि हात झटकून घरी जायचं, ही आपल्यातली जुनी खोड आहे. ज्याला काही द्यायचं नसतं, तो धीर देतो!

पण राग एकदा मोकाट सुटला की तो वाट बघून चालत नाही. त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक तिला सांगून गेलं, की शहरात एक मोठे प्रवचनकार आलेत, मैदानात मंडप घातलाय, मुके बोलतात, लंगडे चालतात, आणि तेही जागच्या जागी. टाचणीने मशीनवरचा पाय थांबवला. जागच्या जागी! हाच शब्द तर तिला हवा होता.

वरच्या मजल्यावर एक नर्समावशी राहायच्या. सगळं आयुष्य प्रसूतिगृहात गेलेलं, आता निवृत्त. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मली होती, त्यामुळे त्या कुणालाही काहीही बोलू शकत आणि बोलतही. मंडळीत त्या शेवटच्या बाकावर बसायच्या. संध्याकाळी अधूनमधून भोंग्यापाशी येऊन बसायच्या, आणि दोघं कितीतरी वेळ काही न बोलता रस्ता बघायची. टाचणीला वाटायचं, म्हातारीला जिना चढायच्या आधी दम खायचा असतो.

"मी पण येते मंडपात," नर्समावशी म्हणाल्या. "चमत्कार बघायला नाही. याला दुसऱ्या बाजूने धरायला कोणीतरी हवं."

भोंग्याने जाताना दारातच पाय रोवला. "न... न..."

"नाही काय? चला! बरं व्हायचंय ना?" टाचणीने त्याचा दंड धरून त्याला बाहेर काढलं.

दुपारचं ऊन मंडपाच्या कापडातून गळत होतं. ध्वनिक्षेपक एवढे मोठे, की छातीत धडधडायचं. छातीवर बिल्ले लावलेले स्वयंसेवक आजाऱ्यांना रांगेत ढकलत होते. भोंग्याचा नंबर आला. एका स्वयंसेवकाने त्याच्या हातातली काठी काढून घेतली आणि मंचाच्या कडेला फेकली. "आता हिची गरज नाही!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. भोंगा डोलत उभा राहिला.

प्रवचनकारांनी त्याच्या कपाळावर हात दाबला आणि माईक त्याच्या ओठांना लावला. "बोल! येशूच्या नावाने बोल! आत्ता! या क्षणाला!"

"आ... आ..."

ज्या माणसाने आयुष्यात कधी माईक हातात धरला नव्हता, ज्याला त्याची कधी गरजच पडली नव्हती, त्याचं ते अडखळणं आज मैदानभर घुमलं. कोणीतरी फिसकन हसलं. भोंग्याच्या कपाळावरून घाम ओघळला. त्याने डोळ्यांनी टाचणीला शोधलं.

"बोल! बोल लवकर! देव वाट बघतोय!"

"आ... आ... आ..."

माईक दूर झाला. प्रवचनकार लोकांकडे वळले आणि दुःखी आवाजात म्हणाले, "विश्वास कमी पडला, बंधुभगिनींनो! या घरात कुठेतरी अविश्वास दडलाय. पुढचे या!"

स्वयंसेवकाने भोंग्याला बाजूला सारलं. काठीशिवाय त्याचा तोल गेला, गुडघा वाकला, आणि तो पडायच्या आत टाचणी मंचावर होती. "काठी द्या त्यांची!" ती इतक्या जोरात ओरडली की माईक नसतानाही आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. काठी नर्समावशींनीच वाकून उचलली. स्वयंसेवक मध्ये आला, तेव्हा त्यांनी त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि तो मुकाट बाजूला झाला.

तिघं बसथांब्यावरच्या बाकावर येऊन बसली. मध्ये भोंगा, दोन्हीकडे दोघी. टाचणी मंडपाकडे हात करून ओरडली.

"ढोंगी कुठला! माणसाला जत्रेतल्या खेळण्यासारखं उभं केलं! चावी फिरवली आणि बोल म्हणाला! आणि विश्वास कमी पडला म्हणे, माझा! मी गुडघे झिजवले, मावशी. त्या देवाने एक शब्द दिला नाही. एक! दगडापुढे रडले असते तर दगडाने तरी निदान ओल धरली असती. आता बस. आजपासून माझी प्रार्थना बंद, चर्च बंद, सगळं बंद!"

"झालं बोलून?" नर्समावशींनी विचारलं.

"नाही झालं!"

"मग बोल अजून. राग देवाला सांगायला काही हरकत नाही, त्याचे कान मजबूत आहेत. आणि त्या माणसाचा मलाही राग आलाय, माझेही हात शिवशिवत होते. पण एक विचारू? त्याने आज नेमकं काय केलं?"

"काय केलं म्हणजे? तुम्ही बघितलं नाही? यांना श्वास घ्यायला सवड दिली नाही. 'बोल लवकर, बोल लवकर' म्हणून तोंडाशी माईक खुपसला. नाही जमलं तर ढकललं बाजूला आणि पुढचा घेतला!"

"अगं, मग तू घरी रोज काय करतेस?"

टाचणीने झटकन भोंग्याकडे पाहिलं.

"मी वर राहते, बाई. मला सगळं ऐकू येतं," नर्समावशींचाही आवाज आता चढला होता. "'पाणी का? साखर का? लवकर बोला, गिऱ्हाईक आलंय!' तो एक अक्षर काढतो, त्याचा शब्द तू करतेस आणि निघून जातेस. त्या माणसाने ते मंचावर एकदा केलं, तर तो ढोंगी. तू उठल्यापासून झोपेपर्यंत करतेस, त्याला काय म्हणायचं?"

"मावशी! मी राबते म्हणून घर चालतंय! मला काय हौस आहे?"

"राबतेस, मान्य. तुझ्या जागी दुसरी असती तर कधीच मोडून पडली असती, हेही मान्य. पण ऐक. मी आयुष्यभर एकच काम केलं, वाट बघायचं. खोलीत बाई कळा देतेय आणि बाहेर घरचे दार वाजवताहेत, 'अजून किती वेळ? काहीतरी करा!' घाईने ओढलं तर बाळ जातं. आणि 'देव बघून घेईल' म्हणून मी खुर्चीत झोपले असते, तरीही बाळ गेलं असतं. वाट बघायची म्हणजे हात बांधून बसायचं नसतं. नाडी बघायची, पाठ चोळायची, ओठ कोरडे पडले तर पाणी लावायचं. आणि मुख्य म्हणजे खोली सोडून जायचं नाही! ते तुमचे चिटणीस उंबऱ्यातून धीर वाटून गेले, त्यांनी खोलीत पाऊलच टाकलं नाही. तो मंडपवाला बाळ ओढायला निघाला. आणि तू, अर्ध्यातच दार लावून मशीनवर जाऊन बसतेस."

"आणि देव? तो कुठे होता इतके दिवस?" टाचणीच्या आवाजाला आता धार नव्हती, नुसता ओरखडा होता.

"खोलीत. तुला वाटतं देव उशीर करतोय. मला वाटतं, तो याच्या शेजारी बसून याचं एकेक अक्षर ऐकतोय, आणि त्याला कसलीही घाई नाही. आपला प्रभू या जगात आला, तोही एकदम मंचावर येऊन उभा नाही राहिला. आयुष्यातली बहुतेक वर्षं लाकूड तासत होता. तेव्हाही लोक म्हणतच असतील, कधी येणार देवाचा माणूस? आणि तो गल्लीच्या टोकाला रंधा मारत होता!"

"म्हणजे हे बोलतील?"

"मला नाही माहीत. ते मी सांगायला लागले तर माझ्यात आणि त्या मंडपवाल्यात फरक काय राहिला? थोडं बोलेल, कदाचित खूप बोलेल, कदाचित एवढंच. देवाच्या वेळेवर भरवसा टाकायचा म्हणजे ती वेळ आपल्याला सांगितलेली नसतानाही जागेवरून हलायचं नाही." मग त्या भोंग्याकडे वळल्या आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "काय हो, मी बोलले ते खरं की खोटं? सावकाश सांगा. आम्ही बसलोय."

भोंग्याने तोंड उघडलं. ओठ जुळले, सुटले. टाचणीच्या जिभेवर शब्द तयार होता. तिने जीभ दाताखाली धरली. बस आली, दार उघडलं, ड्रायव्हरने विचारलं, "येताय का?" टाचणीने हातानेच त्याला जा म्हटलं. बस गेली. धूळ खाली बसली. समोरच्या दुकानदाराने अख्खं शटर ओढून कुलूप लावलं.

"ख... खरं," भोंगा म्हणाला.

नर्समावशींनी मान डोलावली. पण त्याचं झालेलं नव्हतं. त्याने डावा हात उचलला, टाचणीच्या गुडघ्यावर ठेवला, आणि त्याचा चेहरा पुन्हा त्या अदृश्य ओझ्याखाली वाकडा झाला.

"प... पण... ति... तिला... न... नका... ओर... ओरडू."

हाय रे देवा! इतक्या महिन्यांत त्याचं पहिलं पुरं वाक्य तिने ऐकलं, आणि ते तिची बाजू घेणारं होतं! पाणी नको, साखर नको, तक्रार नाही. 'पण तिला नका ओरडू!' आणि हीच ती बाई, जिने त्याच्यापुढे पेले आदळले होते! टाचणीने तोंडावर पदर घेतला आणि भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांदेखत, ती हमसून हमसून रडली. राग होता सगळा, तो वितळून बाहेर येत होता. नर्समावशींनी तिला गप्प केलं नाही. पुढची बसही त्यांनी जाऊ दिली.

त्या दिवसापासून सगळं सुरळीत झालं असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. थांबणं हे शिवणकामाहून अवघड निघालं. टाचणी त्याच्या समोर खुर्ची घेऊन बसायची आणि तिचे पाय आपोआप मशीन चालवल्यासारखे हलायचे. कधी जीभ घसरायची, "साखर का?" मग ती स्वतःच्याच तोंडावर चापट मारायची, आणि भोंगा हसायचा. कधी ती चिडून मागच्या अंगणात जायची आणि देवाशी कडाकडा भांडून यायची. पण परत यायची, तिथेच बसायची. वाचा-उपचाराच्या बाईंकडे जाणं पुन्हा सुरू झालं. तिथे जाऊन "कधी" हा शब्द उच्चारायचा नाही, असा तिने कानाला खडा लावला होता. आणि गिऱ्हाइकांना ती सांगू लागली, "कपडे परवा मिळतील. आज आमच्याकडे बोलणं चाललंय." एकदोघं कुरकुरली. बाकीची थांबली.

मग एका रविवारी उपासनेत पाळकांनी विचारलं, "आज प्रार्थना कोण करील?" मंडळी प्रार्थनेसाठी उभी राहिली. आणि पुढच्या बाकावरून काठीचा आवाज आला. भोंगा उठून पुढे निघाला होता. टाचणी त्याच्या शेजारून चालली, पण तिने त्याला धरलं नव्हतं.

तो मंडळीकडे तोंड करून उभा राहिला. ओठ जुळले. "ब... ब..."

लोक चुळबुळले. कोणी छताकडे बघू लागलं, कोणी बुटांकडे. चिटणिसांना राहवलं नाही. "बंधूंनो," ते मदत करावी तसं पुढे झुकून म्हणाले, "त्यांना 'बंधूंनो' म्हणायचंय. पाळकसाहेब, त्यांच्या वतीने मीच..."

"थांबा!" टाचणीचा आवाज कडाडला. "त्यांचं तोंड त्यांच्याकडे आहे! माझ्या घरी येऊन मला धीर धरा म्हणालात ना? आज तुम्ही धरा. सगळ्यांनी धरा! देवाची वेळ, देवाची वेळ म्हणून आमच्या उंबऱ्यातून माघारी फिरता, आणि एका माणसाला एका शब्दाची वेळ देववत नाही तुम्हाला? मलाही देववत नव्हती. मी सगळ्यांत मोठी गुन्हेगार. पण आज कोणी यांचा शब्द हिसकावून घेतला, तर गाठ माझ्याशी आहे!"

चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. चिटणीस लाल झाले आणि आपल्या जागी मागे सरकले. पाळकांनी पुस्तक बंद केलं आणि हात जोडून भोंग्याकडे बघत राहिले. मागे कुणाचं तरी तान्हं रडलं, आईने त्याला खांद्यावर घेतलं, पण बाहेर कोणी गेलं नाही.

भोंग्याने पुन्हा श्वास घेतला. मान ताठ केली. सगळी मंडळी उभीच होती.

"ब... बसा," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "वे... वेळ... लागेल."

मग शेवटच्या बाकावरून नर्समावशींचं खळखळून हसू फुटलं, आणि सगळं चर्च हसलं, भोंगाही हसला. बाक करकरले. मंडळी बसली. आणि त्या माणसाने प्रार्थना केली. ती मोजक्याच शब्दांची होती आणि तिला प्रवचनाहून जास्त वेळ लागला. त्या दिवशी उपासना उशिरा सुटली. कोणी कुरकुर केली नाही.

बंधुभगिनींनो, देव आपल्याला थांबवतो तेव्हा आपल्याला राग येतो. यायचाच. पण आपल्या घरात, आपल्या शेजारी, कोणीतरी आपल्यासाठी शब्द जुळवत बसलं आहे, आणि आपण त्याच्यापुढून घाईने निघून जातो आहोत. ज्याला समोरच्या माणसासाठी थांबता येत नाही, त्याने देवाच्या वेळेवर आपला भरवसा आहे असं म्हणू नये. धीर हा दुसऱ्याला सांगायचा उपदेश नव्हे. खुर्ची ओढा, त्या माणसासमोर बसा, आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत उठू नका.